खाऱ्या पाण्यावर चालणाऱ्या यंत्रांची धुलाई

माळशिरस तालुक्यातील नातेपुते हे गाव सोलापूर जिल्ह्याचे पश्चिमेकडील प्रवेशद्वारच म्हणावे लागेल. आळंदीहून पंढरपुरास निघालेली श्रीज्ञानेश्वर महाराजांची पालखी सातारा जिल्हा ओलांडून सोलापूर जिल्ह्यात आली म्हणजे तिचा पहिला मुक्काम येथे पडतो. शेतीच्या दृष्टीने पाहिले तर या गावाच्या आसपास दोन निरनिराळे मुलूख एकमेकांस भिडलेले दिसतात. एकीकडे शिखर शिंगणापूरच्या डोंगराकडील मुरमाड, अवर्षणग्रस्त माळरान आहे. दुसरीकडे नीरा उजव्या कालव्याच्या पाटपाण्यावर पोसलेली काळी, भारी जमीन आहे. पाटाचे पाणी आवर्तनाने येते. दोन पाळ्यांमधील दिवस विहिरीच्या व कूपनलिकेच्या पाण्यावर काढावे लागतात. उन्हाळ्यात तर उसाचा व डाळिंबाचा जीव याच पाण्यावर तगून असतो.

हे पाणी सर्वत्र सारखे नसते. कालव्याखालच्या ज्या भागांत निचरा मंद आहे, तेथील कित्येक विहिरींचे पाणी मचूळ लागते. असे पाणी पिकास कितपत मानवेल, याचा विचार शेतकरी करतो. परंतु तेच पाणी ज्या इंजिनातून, पंपातून आणि ठिबकच्या नळ्यांतून जाते, त्या यंत्रांस ते मानवते किंवा कसे, हा विचार सहसा केला जात नाही. परिणामी ऐन चैत्र-वैशाखात इंजिन तापून बंद पडते, अथवा बागेच्या शेवटच्या ओळींतील झाडे तोट्या तुंबल्यामुळे सुकू लागतात. इंजिन उघडण्यास कारागीर मिळून सुटे भाग येईपर्यंत आठ दिवस गेले, तर तेवढ्या अवधीत फळांवर धरलेल्या बागेचे जे नुकसान होते ते कोणत्याही दुरुस्तीने भरून येत नाही.

हे नुकसान टाळता येण्यासारखे आहे. त्यासाठी नवे यंत्र नको, मोठा खर्चही नको. काम संपल्यानंतर खारे पाणी यंत्रात सुकू न देता ते गोड्या पाण्याने विसळून काढणे, एवढी एक सवय लागावयास हवी. ती का व कशी लावून घ्यावी, हे या लेखात सांगावयाचे आहे.

मीठ वेगळे, चुना वेगळा

पाण्यातील क्षारांचे यंत्राच्या दृष्टीने दोन प्रकार पडतात, आणि त्यांतील भेद समजला म्हणजे पुढील सर्व कृती आपोआप समजतात.

पहिला प्रकार मिठाचा. सोडियम व क्लोराइड यांनी युक्त असे हे क्षार पाण्यात सहज विरघळतात आणि सुकल्यावर पुन्हा पाणी मिळाले की पुन्हा विरघळतात. यांचा थर जाड बसत नाही; परंतु ते लोखंडास गंज चढविण्यास मोठी मदत करतात. ओल, हवा आणि मीठ ही तिन्ही एकत्र आली म्हणजे गंजण्याची क्रिया जलद होते. यंत्र चालू असताना जेवढी हानी होत नाही, तेवढी ते ओलसर अवस्थेत उभे असताना होते.

दुसरा प्रकार चुन्याचा. ज्या पाण्यात साबणाचा फेस येत नाही आणि डाळ लवकर शिजत नाही, त्या जड पाण्यात कॅल्शियमचे व मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट क्षार असतात. पाणी तापले म्हणजे त्यांतील कर्बवायू निघून जातो आणि न विरघळणारा कार्बोनेट खाली बसतो. घरातील आंघोळीच्या पाण्याच्या बंबात आतील नळीवर जे पांढरे कवच धरते, ते हेच. बंबात ते धरले म्हणजे लाकूड अधिक जळते व पाणी उशिरा तापते, हे गृहिणींना अनुभवाने माहीत आहे. इंजिनात याच कवचामुळे आतील उष्णता बाहेरच्या पाण्यापर्यंत पोहोचत नाही. लोखंडाच्या मानाने हा थर उष्णता फारच थोडी वाहून नेतो. बाहेरून पाणी खळाळत असले तरी आतील सिलिंडर तापतच राहते.

यावरून एक सोपे सूत्र ध्यानात ठेवावे : मीठ पाण्याने जाते, चुना आम्लाने जातो. मिठासाठी रोजची धुलाई हवी. चुन्यासाठी तो बसूच नये अशी काळजी घ्यावयाची, आणि तरीही बसला तर ठराविक काळाने आम्लाचा उपचार करावयाचा.

मचूळ पाण्यात किती क्षार असतात ?

पाण्याची क्षारता त्याच्या विद्युतवाहकतेवरून मोजतात. प्रयोगशाळेच्या अहवालात ती डेसीसायमन प्रति मीटर या एककात दिलेली असते. अमेरिकेतील रिव्हरसाइड येथील क्षारजमीन प्रयोगशाळेने १९५४ साली प्रसिद्ध केलेल्या वर्गवारीचा आधार आपल्याकडेही घेतला जातो. तिच्याप्रमाणे ०.२५ पर्यंतचे पाणी अल्प क्षारतेचे, ०.२५ ते ०.७५ पर्यंतचे मध्यम, ०.७५ ते २.२५ पर्यंतचे अधिक आणि त्यापुढील अतिशय अधिक क्षारतेचे समजतात.

विद्युतवाहकतेच्या आकड्यास ६४० ने गुणले असता दर लिटर पाण्यात सुमारे किती मिलिग्रॅम क्षार आहेत हे कळते. समजा, विहिरीच्या पाण्याचा आकडा २ आला. म्हणजे दर लिटरमध्ये सुमारे १.३ ग्रॅम क्षार आहेत. हे प्रमाण चिमटीभर वाटेल. परंतु एक एकर क्षेत्रास दहा सेंटिमीटर उंचीचे पाणी द्यावयाचे झाल्यास सुमारे चार लाख लिटर पाणी लागते, आणि त्याबरोबर पाच क्विंटलांहून अधिक क्षार पंपातून व नळ्यांतून वाहून शेतात येतात. एवढ्या क्षारांपैकी शंभरावा हिस्सा जरी यंत्रात व नळ्यांत अडकून राहिला, तरी पाच किलो होतो. यावरून धुलाईचे महत्त्व ध्यानात येईल.

कोकणच्या किनाऱ्यावरील धडा

खाऱ्या पाण्याशी ज्यांचा रोजचाच संबंध येतो, ते लोक आपली यंत्रे कशी सांभाळतात हे पाहणे या ठिकाणी उपयुक्त ठरेल. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनाऱ्यावर जाळी टाकण्यासाठी लहान होड्या वापरतात. त्यांपैकी अनेकींच्या मागील बाजूस बाहेरून अडकवावयाची मोटार बसविलेली असते. तिला आऊटबोर्ड मोटार म्हणतात. तिच्या वरच्या भागात इंजिन, खालच्या भागात पंखा आणि मध्ये लांब दांडा असतो. या इंजिनास थंड ठेवण्यासाठी निराळे पाणी नेत नाहीत. खालच्या भागातील एक लहान रबरी चक्र समुद्राचेच पाणी ओढून घेते, ते सिलिंडरभोवती फिरविते आणि बाहेर टाकते. पाणी नीट फिरत आहे याची खूण म्हणून मोटारीच्या मागे एक बारीक धार सतत पडत असते. धार बंद झाली की नावाडी मोटार ताबडतोब बंद करतो.

समुद्राच्या दर लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. आपल्या वरील उदाहरणातील विहिरीच्या पाण्याच्या सुमारे सत्तावीस पट हे प्रमाण झाले. होडी किनाऱ्यास लागून मोटार बंद झाली म्हणजे आतील अरुंद मार्गांत राहिलेले पाणी तापलेल्या धातूवर सुकते आणि मिठाचे खडे मागे ठेवते. या खड्यांनी मार्ग बुजतात, उष्णता नियंत्रित करणारी झडप अडकते आणि ॲल्युमिनियमच्या अंगास आतून खड्डे पडू लागतात.

म्हणून जाणता मच्छीमार किनाऱ्यावर आल्यावर मोटार गोड्या पाण्याने धुतो. मोटारीच्या खालच्या भागातील पाणी ओढणाऱ्या छिद्रांवर दोन रबरी वाट्या चिमट्याप्रमाणे बसवून त्यांस नळाचे पाणी जोडतात. किंवा मोटारीचा खालचा भाग गोड्या पाण्याने भरलेल्या पिंपात बुडवितात. नंतर गिअर मोकळा ठेवून मोटार अगदी सावकाश दहा ते पंधरा मिनिटे चालू ठेवतात. एवढा वेळ लागतो, कारण इंजिन गरम होऊन आतील झडप उघडल्यावाचून गोडे पाणी सर्व मार्गांत पोहोचत नाही. पाणी जोडण्यापूर्वी मोटार मुळीच चालवीत नाहीत. पाण्यावाचून फिरणारे रबरी चक्र थोड्याच वेळात जळून जाते. धुऊन झाल्यावर मोटार उभी ठेवून आतील सर्व पाणी निथळू देतात.

या पद्धतीतून तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, धुलाई काम संपल्याबरोबर करावयाची, सुकल्यावर नव्हे. दुसरी, नुसते बाहेरून पाणी ओतून भागत नाही. ज्या मार्गाने खारे पाणी गेले, त्याच मार्गाने गोडे पाणी गेले पाहिजे. तिसरी, धुतल्यानंतर यंत्रात पाणी साचू द्यावयाचे नाही. नातेपुत्याच्या शेतकऱ्याचे पाणी समुद्राइतके खारे नसल्यामुळे त्याच्या यंत्राची हानी एका हंगामात डोळ्यांस दिसत नाही. ती सावकाश होते, आणि म्हणूनच दुर्लक्षिली जाते.

विहिरीवरील डिझेल इंजिन

आज बहुतेक विहिरींवर विजेच्या मोटारी बसल्या आहेत. तथापि विजेची वेळ गैरसोयीची असेल तेथे, तसेच नाल्यावरून किंवा शेततळ्यावरून पाणी उचलण्यासाठी, डिझेल इंजिने अद्यापही उपयोगात आहेत. पाण्याने थंड होणाऱ्या अशा इंजिनांपैकी अनेकांची रचना वर सांगितलेल्या मोटारीसारखीच असते. पंपाच्या डिलिव्हरी पाइपातून एक बारीक नळी काढून तिचे पाणी इंजिनाच्या सिलिंडरभोवतालच्या पोकळीत सोडतात आणि गरम झालेले पाणी दुसऱ्या नळीने बाहेर पडते. म्हणजे जे पाणी विहिरीत आहे तेच इंजिनाच्या पोटात फिरते.

येथे सर्वांत अधिक हानी केव्हा होते, हे लक्षपूर्वक समजून घ्यावे. इंजिन चालू असताना पाणी वाहते असते. त्याचे तापमान मर्यादेत राहते. परंतु भर कामातून इंजिन एकदम बंद केले म्हणजे पाण्याचा प्रवाह थांबतो आणि सिलिंडरची उष्णता मात्र तशीच राहते. पोकळीत अडकलेले पाणी आणखी तापते, आणि चुना बसण्यास हीच वेळ सर्वांत अनुकूल असते. त्यानंतर रात्रभर खारे पाणी लोखंडास लागून राहते व गंजाचे काम सुरू होते. सारांश, काम संपल्यानंतरची वेळ हीच यंत्राच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

यासाठी इंजिनाजवळ दोनशे लिटरचे एक पिंप मजबूत ओट्यावर अथवा बांधावर, इंजिनापेक्षा पुरुषभर उंच असे ठेवावे. त्यात पाटाचे, शेततळ्याचे अथवा पावसाचे गोडे पाणी भरून ठेवावे. पिंपाच्या तळाजवळ तोटी बसवून तिला इंजिनाच्या नळीस लागेल अशी रबरी नळी जोडावी. पिंपास झाकण असावे, नाहीतर पालापाचोळा नळीत जाऊन उलटाच त्रास होईल. पुढील कृती अशी :

पंप पट्ट्यावर चालत असेल तर इंजिन बंद करून पट्टा उतरवावा, थंड करणाऱ्या पाण्याची नळी पिंपास जोडावी आणि इंजिन पुन्हा सुरू करून कमी गतीने चालवावे. पंप इंजिनास थेट कपलिंगने जोडलेला असेल तर पंपास रिकामे फिरवू नये, कारण पाण्यावाचून त्याचे पॅकिंग अथवा सील जळते. अशा वेळी पंप विहिरीचे पाणी उचलीत राहू द्यावा. इंजिन कमी गतीवर आणावे व केवळ थंड करणारी नळी विहिरीच्या पाण्यावरून पिंपाच्या पाण्यावर घ्यावी. हा बदल सुलभ व्हावा म्हणून नळीवर दुहेरी काक बसवून घेतल्यास नळी काढण्याचे श्रम वाचतात व पाण्याचा प्रवाह क्षणभरही खंडित होत नाही.

पिंपाची तोटी हळूहळू उघडावी आणि दर मिनिटास पाच ते दहा लिटर पाणी जाईल इतपत ठेवावी. दहा मिनिटांत पन्नास ते शंभर लिटर पाणी पुरते. बाहेर पडणारे पाणी प्रथम गरम व मचूळ असते. पुढे ते कोमट व गोडे होते. जिभेस खारटपणा लागेनासा झाला की इंजिन बंद करावे. नंतर सिलिंडरच्या तळाशी असलेला निचऱ्याचा काक उघडून सर्व पाणी काढून टाकावे. दुसऱ्या दिवशी इंजिन सुरू करण्यापूर्वी काक बंद केल्याची व पाणी फिरू लागल्याची खात्री करून घ्यावी. काकावर पांढऱ्या रंगाची चिंधी बांधून ठेवली तर हा विसर पडत नाही.

एक सावधगिरी अवश्य बाळगावी. इंजिन पाण्याअभावी अतिशय तापलेले असेल तर त्यात थंड पाणी कदापि सोडू नये. तापलेले ओतीव लोखंड एकदम थंड झाल्यास त्यास तडा जातो. अशा प्रसंगी इंजिन बंद करून ते आपोआप निवू द्यावे.

इंजिनात पूर्वीच चुन्याचा थर बसलेला असल्यास गोड्या पाण्याने तो निघणार नाही. त्यासाठी वर्षातून एकदा, पावसाळ्यात काम नसताना, कारागिराकडून पोकळी उघडून थर खरवडून घ्यावा किंवा लिंबूसत्त्वाचे पातळ द्रावण त्यात भरून थर विरघळवून घ्यावा. तीव्र आम्ल इंजिनात घालू नये. ते चुन्याबरोबर लोखंडही खाते.

ट्रॅक्टरच्या रेडिएटरच्या बाबतीतही हाच नियम आहे. त्यात विहिरीचे जड पाणी वरचेवर भरू नये. पावसाचे किंवा शुद्ध केलेले पाणी व कारखान्याने सांगितलेले कूलंट वापरावे. पाण्यात बुडणाऱ्या ज्या विद्युत मोटारींत पाणी भरावे लागते, त्यांतही बसविण्यापूर्वी स्वच्छ गोडेच पाणी भरावे. विहिरीचे भरू नये.

ठिबक संच

ठिबक संचात इंजिनासारखी उष्णता नाही, परंतु तोटीचे तोंड फार अरुंद असते. पाणी बंद झाल्यावर तोटीच्या तोंडाशी एक थेंब लोंबत राहतो. उन्हाने तो सुकतो आणि क्षाराचा बारीक कण मागे ठेवतो. दररोज एक कण बसत गेला म्हणजे एका हंगामात तोंड अरुंद होते. उन्हात तापलेल्या काळ्या लॅटरलमध्ये साचलेल्या पाण्यातही चुना खाली बसतो. लॅटरलच्या शेवटच्या टोकाकडे प्रवाह मंद असल्यामुळे गाळ व क्षार तेथे अधिक साचतात. म्हणूनच शेवटच्या ओळींतील झाडे प्रथम सुकलेली दिसतात.

ज्यांच्याकडे विहीर व शेततळे ही दोन्ही आहेत, त्यांनी पाण्याच्या पाळीची सुरुवात विहिरीच्या पाण्याने आणि शेवट शेततळ्याच्या पाण्याने करावा. शेवटची दहा ते पंधरा मिनिटे गोडे पाणी दिल्यास नळ्यांत रात्रभर खारे पाणी राहत नाही. ज्यांच्याकडे दुसरे पाणी नाही, त्यांनी शक्यतो सायंकाळी अथवा रात्री पाणी द्यावे, म्हणजे तोट्या उन्हात सुकत नाहीत.

नळ्यांची धुलाई पंधरवड्यातून एकदा तरी करावी. पाणी फार गढूळ किंवा जड असेल तर दर आठवड्यास करावी. प्रथम गाळणी स्वच्छ करावी. नंतर उपमुख्य नळीच्या शेवटचा फ्लश व्हॉल्व्ह उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत ते वाहू द्यावे. त्यानंतर लॅटरलची टोके उघडावी. सर्व टोके एकाच वेळी उघडू नयेत, कारण दाब कमी होऊन घाण जागची हलत नाही. पाच-सहा लॅटरल एका वेळी उघडून प्रत्येकीतून स्वच्छ पाणी येऊ लागल्यावर ती बंद करून पुढील घ्याव्या.

ठिबकमधून खते दिल्यानंतर किमान पंधरा मिनिटे नुसते पाणी सोडावे. चुनायुक्त पाण्यात स्फुरदयुक्त खते मिसळल्यास कॅल्शियम फॉस्फेटचा साका तयार होतो आणि तोट्या तुंबतात. एका काचेच्या बरणीत विहिरीचे पाणी घेऊन त्यात खताचे द्रावण थोडेसे मिसळून दोन-तीन तास ठेवावे. पाणी दुधाळ झाले तर ते खत त्या पाण्यातून देऊ नये.

आम्लाचा उपचार

तोट्यांच्या तोंडावर पांढरे कवच दिसू लागल्यास हायड्रोक्लोरिक आम्लाचा उपचार करावा लागतो. किती आम्ल लागेल हे पाण्यावर अवलंबून असते. म्हणून बादलीत मोजून दहा लिटर विहिरीचे पाणी घ्यावे. त्यात मापाने थोडे थोडे आम्ल घालून ढवळावे व सामू दाखविणाऱ्या कागदाने पाहावे. सामू ४ पर्यंत उतरला की किती मिलिलिटर आम्ल लागले ते लिहून ठेवावे.

समजा, दहा लिटरास २० मिलिलिटर, म्हणजे एका लिटरास २ मिलिलिटर आम्ल लागले. संचातून ताशी ६,००० लिटर पाणी जात असेल तर पंधरा मिनिटांत १,५०० लिटर जाईल आणि त्यासाठी ३,००० मिलिलिटर, म्हणजे तीन लिटर आम्ल लागेल. पाणी फार जड असेल तर हे प्रमाण याहून अधिक येईल. प्रथम संच नेहमीप्रमाणे धुवावा. नंतर पंधरा मिनिटांत संपेल अशा बेताने आम्ल व्हेंचुरीतून सोडावे व सर्वांत लांबच्या तोटीच्या पाण्याचा सामू ४ झाल्याची खात्री करावी. त्यानंतर पाणी बंद करून संच चोवीस तास तसाच ठेवावा. दुसऱ्या दिवशी सर्व टोके उघडून पुष्कळ पाण्याने धुवावा. गाळणी लोखंडी असल्यास आम्ल गाळणीच्या पुढे सोडावे.

आम्ल हाताळताना रबरी हातमोजे व चष्मा वापरावा, आणि वाऱ्याच्या विरुद्ध दिशेस तोंड करून उभे राहू नये. नेहमी पाण्यात आम्ल ओतावे. आम्लात पाणी कधीही ओतू नये, कारण त्यामुळे आम्ल उसळून अंगावर येते. आम्लाचा कॅन मुलांच्या व जनावरांच्या वाऱ्यास येणार नाही असा ठेवावा.

धुतलेले मीठ जाते कोठे ?

यंत्रातून काढलेले मीठ नाहीसे होत नाही. ते जमिनीत जाते. नीरेच्या खोऱ्यास हा प्रश्न नवा नाही. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे डॉ. हॅरॉल्ड मान यांनी व्ही. ए. ताम्हणे यांच्यासह नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींचा अभ्यास करून त्यावरील पुस्तिका १९१० साली प्रसिद्ध केली. पाटपाणी आल्यानंतर ज्या जमिनींचा निचरा साधला नाही त्या खारवट होतात, ही गोष्ट एका शतकापूर्वीच अभ्यासकांच्या नजरेस आलेली होती. पुढे भाटघरचे मोठे धरण १९२८ साली पूर्ण झाले आणि नीरेच्या खोऱ्यात पाटपाणी अधिक वाढले. त्याबरोबर निचऱ्याची आवश्यकताही वाढली.

म्हणून लॅटरल धुतलेले पाणी झाडाच्या बुंध्याशी सोडू नये. टोकांजवळ लहानसा चर काढून ते शेताबाहेरील निचऱ्याच्या चरीस मिळवावे. आम्लाच्या उपचारानंतरचे पाणी विहिरीत किंवा जनावरांच्या पिण्याच्या पाण्यात जाणार नाही, हेही पाहावे.

ठिबकने खारे पाणी दिल्यास क्षार ओल्या वर्तुळाच्या कडेस गोळा होतात; पांढरी कडा दिसते ती हीच. अवकाळी पावसाची एखादी हलकी सर आली तर हे क्षार कडेवरून पुन्हा मुळांकडे ढकलले जातात. त्यामुळे अशा हलक्या पावसात ठिबक बंद न करता चालू ठेवावे, म्हणजे क्षार मुळांपासून दूरच राहतात. पावसाळ्यातील भरपूर पाऊस आणि चांगला निचरा हीच जमिनीची खरी धुलाई होय.

कार्यकर्त्यांनी काय करावे ?

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रथम आपल्या क्षेत्रातील विहिरींच्या पाण्याची तपासणी करवून घ्यावी. नमुना घेण्यापूर्वी पंप अर्धा तास चालू ठेवावा. स्वच्छ बाटली त्याच पाण्याने दोन-तीन वेळा विसळावी, काठोकाठ भरावी व घट्ट बूच लावावे. बाटलीवर विहिरीचा गट क्रमांक, नमुना घेतल्याचा दिनांक व पिकाचे नाव लिहून ती विनाविलंब प्रयोगशाळेकडे धाडावी. एक नमुना पावसाळ्यानंतर व दुसरा उन्हाळ्यात घेतल्यास पाण्यातील फरक कळून येतो. अहवाल आल्यावर तो शेतकऱ्यास नुसता देऊ नये. त्यातील आकड्यांचा अर्थ त्याच्या यंत्राच्या व पिकाच्या संदर्भात समजावून सांगावा.

शब्दांपेक्षा प्रत्यक्ष कृतीचा परिणाम अधिक होतो. एखाद्या वस्तीवर एक पिंप बसवून धुलाईचे प्रात्यक्षिक करावे. इंजिनातून निघालेले पहिले पाणी एका ग्लासात व दहा मिनिटांनंतरचे दुसऱ्यात धरून दोन्ही जमलेल्या मंडळींपुढे ठेवावी. तसेच चुना बसून अर्धी झालेली एखादी जुनी नळी कापून दाखवावी. ती पाहिल्यानंतर फारसे व्याख्यान द्यावे लागत नाही.

ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

१. खारे पाणी वापरलेले यंत्र त्याच दिवशी, सुकण्यापूर्वी धुवावे.

२. ज्या मार्गाने खारे पाणी गेले, त्याच मार्गाने गोडे पाणी फिरवावे.

३. इंजिन भर कामातून एकदम बंद करू नये. कमी गतीवर धुऊन मगच थांबवावे व पाणी काढून टाकावे.

४. अतिशय तापलेल्या इंजिनात थंड पाणी सोडू नये. पंप रिकामा फिरवू नये.

५. ठिबकची टोके पंधरवड्यातून एकदा, थोडी थोडी करून उघडून धुवावी.

६. चुन्याचे कवच दिसताच मोजून आम्लाचा उपचार करावा. आम्ल पाण्यात ओतावे.

७. धुतलेले पाणी निचऱ्याच्या चरीस लावावे.

शेतकरी औताला जुंपलेला बैल संध्याकाळी सोडतो तेव्हा त्याच्या अंगावरील घाम पुसतो, त्याचे खूर पाहतो, त्यास पाणी दाखवितो आणि मगच स्वतः भाकरीस बसतो. यंत्र मुके आहे. ते हंबरत नाही, लंगडत नाही. त्याचे दुखणे एकदम उन्हाळ्याच्या तोंडावरच कळते. दिवसाकाठी पंधरा मिनिटे व शंभर लिटर गोडे पाणी त्याच्यासाठी राखून ठेवले, तर ते अनेक उन्हाळे विनातक्रार काम देईल, आणि ज्या पिकावर घरादाराची भिस्त आहे ते पीक त्याच्यावाचून अडणार नाही.